मधू, तुझा निरोप मी नऊ दिवस दाबून ठेवला

मधू,

तुला जाऊन सव्वा महिना झाला. एवढ्या दिवसांत मी तुझ्याबद्दल दोन ठिकाणी बोललो, एकदा आपल्या उद्यान खात्याच्या चौकीत आणि एकदा तुमच्या वस्तीतल्या विहारात. दोन्हीकडे तेच सांगितलं: मनमिळाऊ माणूस, कुणाशी वाकडं नाही, कुणाला उलट शब्द नाही. साफ खोटं बोललो. तू मनमिळाऊ अजिबात नव्हतास. माझ्याशी तर सव्वीस वर्षं भांडत होतास, आणि शेवटचं भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेलास. ते पुरं करायला मी आज बसलोय. तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, याचा मी पुरेपूर फायदा उठवणार आहे.

भांडण सुजाताच्या जमिनीवरून होतं. तुझी एकुलती एक मुलगी, पाच वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून जपानला शेतकामाला गेलेली. तिथल्या गावाने तिला शेत आणि घर देऊ केलं होतं. नावावर करून देणार, अट एकच, तिथेच राहायचं आणि निदान दहा वर्षं स्वतः कसायचं. हो की नाही ते महिन्याच्या आत कळवायचं होतं. तिने तुला विचारलं, तू तिला उत्तर दिलं नाहीस. ते तू मला दिलंस, दवाखान्याच्या कॉटवर बसून, आणि तिला सांग म्हणालास. मी ते नऊ दिवस कुणालाही सांगितलं नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

आपण एकाच खात्यातले. तू घाटकोपरच्या बागेत माळी, मी वॉर्ड ऑफिसात उद्यान खात्याचा लिपिक. मस्टर माझ्याकडे, झारी तुझ्याकडे. माझ्या टेबलावरचा मनीप्लांट मी पाणी घालून घालून कुजवायचो आणि तू दर वर्षी नवा लावून द्यायचास, वर चार शिव्या. माझी बायको गेली त्या वर्षी तू पंधरा दिवस रोज संध्याकाळी घाटकोपरहून मुलुंडला यायचास. गॅलरीतल्या तिच्या कुंड्यांना पाणी घालायचास, पिवळी पानं खुडायचास आणि चहा न घेता निघून जायचास. मी तुला तेव्हा थँक्यू म्हणालो नाही. तू म्हणू दिलं नसतंस. आता म्हणतो.

आपल्या दोघांत एक गंमत होती आणि ती तू मला कधी विसरू दिली नाहीस. माझ्या नावावर कुडाळजवळ जमीन आहे. माझ्या म्हणजे माझ्या आणि आणखी एकोणीस चुलत्या-पुतण्यांच्या. सातबाऱ्यावर नावांची रांग आणि जमिनीवर करवंदीची जाळी. तू एकदा माझ्याबरोबर आलास, जाळीत शिरलास, मूठभर माती उचलून दाबलीस आणि मला विचारलंस, "परब, लाज वाटत नाही तुला?" मी म्हटलं, मेल्या, एकोणीस जणांच्या सह्या आणून दे, उद्यापासून पेरतो. तू परतीच्या गाडीत पनवेलपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. मला जमीन होती आणि पेरायचं कळत नव्हतं. तुला सिमेंटच्या फटीतसुद्धा शेवंती फुलवता यायची, आणि तुझ्या घराण्यात कुणाच्या नावावर कधी वीतभर जमीन नव्हती.

योजनेची जाहिरात मी मुलुंडला, आमच्या घरामागच्या सरकारी प्रशिक्षण केंद्राच्या फलकावर वाचली. तरुण मुलामुलींना जपानी भाषा शिकवणार, परीक्षा घेणार आणि पाच वर्षांसाठी तिकडच्या शेतांवर कामाला पाठवणार. सुजाता तेव्हा बी.कॉम. होऊन घाटकोपरच्या मॉलमध्ये बिलिंग काउंटरवर दिवसभर उभी राहायची. मी तिला सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच जाऊन माहिती काढून आली आणि म्हणाली, "काका, मी जाणार. पण बाबांना तुम्ही सांगा."

मी सांगितलं. बागेमागच्या रोपवाटिकेत तू पिशव्यांत माती भरत होतास. सगळं ऐकून घेतलंस, हातातली पिशवी पूर्ण भरलीस, कडेला लावलीस आणि मग बोललास. "माझी आई दुसऱ्याच्या शेतात वाकली. तिची आई वाकली. मी सोळाव्या वर्षी गाव सोडलं ते माझ्या पोरीने वाकू नये म्हणून. आणि तू तिला विमानात बसवून परत वाकायलाच पाठवतोस?"

मी म्हटलं, अरे, सरकारी योजना आहे, कुणी फसवणार नाही. तू दोन्ही हात माझ्यासमोर धरलेस आणि म्हणालास, मी पण सरकारीच आहे, बघ. नखांत माती, अंगठ्याला कात्रीचा घट्टा. मी बघितले आणि तरीही माझंच खरं करत राहिलो. मी असाच आहे, तुला माहीत होतं. शेवटी सुजाता सज्ञान होती, तिने अर्ज आणला आणि तो मी भरला. त्यानंतर चार महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. रजेचा अर्ज टाकायला यायचास आणि माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघून म्हणायचास, "एक दिवस. किरकोळ." घड्याळच तुझी रजा मंजूर करणार असल्यासारखा.

त्याच सुमारास मी तुझ्या घरी येऊन विमलवहिनींना शब्द दिला. पाच वर्षं, एक दिवसही जास्त नाही, पोरगी परत आणायची जबाबदारी माझी. वहिनींनी चहा पुढे केला. मी तो होकार धरला.

सुजाताची भाषा झाली, परीक्षा झाली. मग कळलं की तिकडून माणसं येणार आणि प्रत्यक्ष काम करवून बघणार, रोपं लावणं, वाफे ओढणं वगैरे. वर्गातली सगळी पोरं भांडुप, मुलुंड, वाकोल्याची. त्यांनी फावडं धरलेलं असेल तर गटार साफ करताना. आणि तुझं काय चाललं होतं ते मला नंतर सुजाताने सांगितलं. तू तिला पहाटे बागेत न्यायला लागलास. पहिल्याच दिवशी तिने वांग्याचं रोप देठाला धरून उचललं तशी तू तिच्या हातावर चापट मारलीस. रोप पानाला धरायचं, देठाला नाही. पान गेलं तर दुसरं येतं, देठ चिरडला की रोप गेलं. महिनाभर तू तिला वाकायला शिकवलंस, पाठ न मोडता कसं वाकायचं ते. आणि रोज शेवटी सांगायचास, तू जायचं नाहीच आहे, पण माझी पोरगी रोप असं धरते हे मला बघवत नाही. तिकडच्या लोकांनी त्या तुकडीतून सगळ्यांत आधी तिला निवडलं. ती माझ्या अर्जामुळे गेली असं मी सगळ्यांना सांगत फिरत होतो. ती तुझ्या पहाटेमुळे गेली, मधू.

विमानतळावर तू आलास, पण टॅक्सीतून उतरला नाहीस. तिने टॅक्सीचं दार उघडून पाया पडायला हात घातला तर तू पाय वर घेतलेस. मला त्या दिवशी तुझा इतका राग आला होता की वहिनी नसत्या तर मी तुला तिथेच सोडून आलो असतो. पुढे दीड वर्ष ती आईशी फोनवर बोलायची आणि तू पलीकडच्या खोलीत रेडिओ मोठा करायचास.

आता मी तुला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगतो. मनोरीची खात्याची सहल आठवते? मार्व्याहून बोटीने पलीकडे गेलो, सगळे पत्ते कुटत बसले आणि तू कुणा अनोळखी बाईच्या वाडीत शिरून तिच्या मिरच्यांना आळी कशी करायची ते शिकवून आलास. मग किनाऱ्यावर माझ्याशेजारी बसलास आणि पाण्याकडे बघत विचारलंस, "कशी आहे ती?" दीड वर्षात पहिल्यांदा. मी म्हटलं, मजेत आहे, कोबी आणि टोमॅटो करते, डोंगरातलं गाव आहे, थंडीत कंबरभर बर्फ पडतो. आणि गावात तिला सगळे मादुकारु-सान म्हणतात.

तू माझ्याकडे वळून बघितलंस. मी समजावलं की मधुकरचा उच्चार ते तसाच करतात, आणि सान म्हणजे आपल्याकडे आदराने राव, ताई, साहेब लावतो तसं. म्हातारा शेतमालक, त्याची बायको, दुकानदार, पोस्टमन, सगळे तिला तुझ्या नावाने हाक मारतात. तू विचारलंस, तिकडे मुलींना बापाच्या नावाने हाक मारायची रीत आहे का? मी ठोकून दिलं की हो, तशीच रीत आहे.

रीत कसली, ती माझी चूक होती. योजनेच्या अर्जात नावासाठी एकच लांब ओळ होती. मस्टर लिहून लिहून माझा हात बसलेला, आडनाव, नाव, वडिलांचं नाव. मी झोकात लिहिलं, इंगळे सुजाता मधुकर. तिकडच्या लोकांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं की भारतीय माणसाचं आडनाव शेवटी असतं. ती पोचण्याआधीच तिच्या टोपीवर, गमबुटांवर, जेवणाच्या टेबलावरच्या पाटीवर मधुकर लिहून झालं होतं. तिने पहिल्याच फोनवर मला झापलं होतं, "काका, वाट लावलीत तुम्ही." दोनदा दुरुस्त करून बघितलं तिने, मग सोडून दिलं. आणि गंमत म्हणजे जपानी लोक स्वतः आडनाव आधीच लिहितात, आपल्या मस्टरसारखं. म्हणजे तसं बघितलं तर मी बरोबरच होतो. हे तुला सांगितलं असतं तर तू मला निवृत्तीपर्यंत चिडवलं असतंस, म्हणून गप्प बसलो.

पण तू हसला नव्हतास. वाळूत बोटाने रेघा ओढत बसलास आणि मग आईचं सांगितलंस, जे तोवर कधी सांगितलं नव्हतंस. बुलढाण्याकडच्या तुमच्या गावात ती ज्यांच्या शेतावर निंदायला जायची, त्यांना तिचं नावच माहीत नव्हतं. बांधावर उभं राहून मालक नुसतं "ए" म्हणायचा आणि सगळ्या बायका एकदम मान वर करायच्या, कुणाला बोलावलंय ते बघायला. मरेपर्यंत त्या शेतात तिला कुणी नावाने हाक मारली नाही. एवढं सांगून तू उठलास, चड्डीची वाळू झटकलीस आणि म्हणालास, "लाव फोन." मी लावला. तू फोन घेऊन दूर, सुरूच्या झाडांकडे गेलास. बोट सुटायची वेळ झाली तरी तू येईनास, तेव्हा मी बोटवाल्याला थांबवून धरलं. तुमचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

त्यानंतर तू जो सुटलास तो सुटलास. दर रविवारी बागेतल्या बाकावर फोन समोर धरून तुझी चौकशी चालायची. पाणी कुठून येतं, उतार कुठल्या अंगाला, वारा कुठून. तिचा चेहरा तुला दिसायचा नाही, तू तिला कॅमेरा खाली धरायला लावायचास. एकदा म्हणालास, मूठभर माती घे, दाब आणि कमरेच्या उंचीवरून सोड. तिने घेतली तर ओरडलास, आधी हातमोजा काढ. तेवढ्यात तिचा तो म्हातारा मालक मागून आला, ही काय करते ते बघत उभा राहिला आणि त्याने स्वतः वाकून मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. ढेकूळ फुटून तीन-चार तुकडे झाले. त्याने ते कॅमेऱ्यासमोर दाखवले. तू इकडून मान हलवलीस, त्याने तिकडून हलवली. मी तुझ्या शेजारी बसलो होतो आणि मला माझ्या कुडाळच्या करवंदी आठवून थोडी लाज वाटली. थोडीच.

त्याच म्हाताऱ्याचं ते शेत. मुलगा शहरात, त्याला शेती नको. गावात अशी कितीतरी शेतं पडून, आणि ती कसायला माणूस मिळावं म्हणून गावानेच ही व्यवस्था काढलेली. सुजाताची वरची परीक्षा झाली होती, राहायला परवानगी मिळत होती, गाव पत्र द्यायला तयार होतं. तिने फोन केला तेव्हा मी मुद्दाम तुमच्या घरी आलो होतो. मला कागदाचं विचारलं आणि तुला म्हणाली, "बाबा, घेऊ का?" तू म्हणालास, बघू. आणि त्याच आठवड्यात छातीत दुखतंय म्हणून तुला दाखल करावं लागलं.

आपलं शेवटचं भांडण तिथलं. मी म्हटलं, पाच वर्षं झाली, ठरल्याप्रमाणे तिला बोलावून घे. तुझं हे असं, वहिनी एकट्या, मी शब्द दिलाय. तू उशी पाठीशी घेऊन नीट बसलास. भांडायचं असलं की तू नीट बसायचास. म्हणालास, "दुसऱ्याच्या शेतात पाठवायची होती तेव्हा तू तयार होतास. आता तिचं स्वतःचं होतंय तर तुला नको?"

मी लिपिकासारखे मुद्दे काढत बसलो. व्हिसा, भूकंप, बर्फ, परका देश, लग्नाचं काय. तू एकेक उडवत गेलास. लग्नाचं तिचं ती बघेल, तुला फॉर्म भरता येतात तेवढं पुरे. मग आवाज खाली आणलास आणि म्हणालास, "तिला सांग, घे म्हणावं. मी सांगायला गेलो तर रडेन. बाप रडतोय बघून ती घर सोडून पळत येईल. तू सांग. आजच सांग."

मी हो म्हणालो. खाली आलो, फोन हातात घेतला आणि परत खिशात टाकला. उद्या सांगू, म्हटलं. तू बरा होशील, मग आणखी एकदा भांडू, तुला पटवू. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

सुजाता तिसऱ्या दिवशी पोचली. तुझं शेवटचं दर्शन तिला फोनवरच घडलं. आल्यावर बॅग दारातच ठेवून तिने मला पहिला प्रश्न विचारला, बाबा जमिनीचं काही बोलले का? मी म्हटलं, नाही गं, त्याला कुठे शुद्ध होती. तू मरणाच्या आदल्या दिवशी मला शब्दाशब्दाला हरवलं होतंस, आणि मी म्हटलं, शुद्ध नव्हती.

का म्हटलं? मी स्वतःला सांगितलं की वहिनींसाठी. नवरा गेला, आता मुलगीही तिकडे कायमची, बाईने काय करायचं? हे कारण छान होतं, कुणालाही पटलं असतं. खरं कारण तुला सांगतो. तू गेलास. तीही गेली असती तर घाटकोपरला मी कुणाकडे आलो असतो? माझं म्हणावं असं त्या एका घराशिवाय मला आता कुठे काही नाही. मी माझ्यासाठी गप्प बसलो. तुझ्या पोरीची जमीन मी माझ्या एकटेपणापायी घालवायला निघालो होतो.

सुजाताने मग स्वतःच ठरवून टाकलं. आईजवळ राहायचं, इकडे नोकरी बघायची. गावाला पाठवायचं नकाराचं पत्र तिने लिहून ठेवलं आणि मला वाचून दाखवलं. तिचं मराठी भाषांतर ऐकताना मी मान हलवत होतो. तुझ्या नावाने विहारात होणारा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला की पाठवणार होती.

तो नववा दिवस. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. सुजाता पत्र पाठवायला फोन घेऊन बसली, मी खुर्च्या एकात एक लावत होतो. वहिनी पांढऱ्या चादरीची घडी घालत होत्या. घडी अर्ध्यात थांबवून त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, ह्यांनी तुम्हाला दवाखान्यात काय सांगितलं होतं?"

मी विचारलं, कधी? वहिनी म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी. मी डबा घेऊन दारात उभी होते. तुम्ही सांगाल म्हणून नऊ दिवस थांबले."

मधू, सव्वीस वर्षांत तू मला जे बोललास ते सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. मी खुर्ची खाली ठेवली आणि तुझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, रडण्याचं धरून. सुजाताने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही?"

मी वहिनींकडे वळून काहीतरी सारवासारव करायला लागलो, तुमचा विचार केला, तुम्ही एकट्या पडाल. वहिनींनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "तुम्ही दोघं पाच वर्षं भांडलात. हे म्हणायचे पोरगी वाकेल, तुम्ही म्हणायचात परत आणतो. आता म्हणताय मी एकटी पडेन. मला कुणी विचारलं?" मग त्या सुजाताशेजारी खाली बसल्या आणि तिच्याशी बोलल्या, माझ्याशी नाही. "लग्नाआधी दहा वर्षं मी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचलाय. एक वीतभर आपली असती तर मी मुंबईला आलेच नसते. तू जा. तुझ्या बाबाने सांगितलं म्हणून नको, मी सांगते म्हणून जा. पेरणीच्या वेळेला मी येईन."

वहिनी कापूस वेचायच्या हे मला माहीतच नव्हतं. तुला माहीत असणार, आणि तरी तूही त्यांना विचारलं नाहीस. म्हणजे या एका बाबतीत आपण दोघं सारखेच मूर्ख, आणि मला त्याचं थोडं बरं वाटलं. नकाराचं पत्र सुजाताने माझ्यासमोर पुसून टाकलं आणि होकाराचं लिहिलं. चार ओळींचं होतं. दहा दिवसांनी ती गेली. जाताना माझ्या पाया पडली, मी पाय वर घेतले नाहीत. माफ केलं का, ते मी विचारलं नाही. विमानात बसल्यावर तिचा मेसेज आला, आईच्या पासपोर्टचा अर्ज भरायला घ्या, म्हणून. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

मला तुझी आठवण येते, मधू. बागेत जातो, नवा माळी चांगला आहे, पण माझ्यावर ओरडत नाही. टेबलावरचा मनीप्लांट कुजलाय. तू असतास तर आतापर्यंत बदलला असतास. मी तो तसाच ठेवलाय आणि ते बरोबर नाही हे मला कळतं. उद्या टाकून देईन आणि स्वतः नवा लावीन, पाणी कमी घालीन. तू मला दिलेलं सगळं मी आयुष्यभर फुकट घेतलं आणि वर तुझ्याशी वाद घातला. त्याबद्दल आता काही करता येत नाही. वाद मात्र मी हरलो, हे लिहून देतो. सही: परब.

परवा सुजाताने कागदाचा फोटो पाठवला. मी तुमच्या घरीच होतो. सवयीने चष्मा लावला आणि बघत बसलो. अख्खी नोकरी सरकारी कागद वाचण्यात घालवली, आणि तुमच्या घराण्याचा पहिला जमिनीचा कागद समोर आला तर त्यातलं एक अक्षर मला लागेना. शेवटी तिला फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिने सगळं वाचून दाखवलं. शेत किती, घर कुठलं, पाण्याचा पाट कुठून जातो, नाव कुणाचं. वहिनी म्हणाल्या, परत वाच. तिने परत वाचलं. वहिनींनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मग फोन हातात घेऊन पदराने पुसायला लागल्या. सुजाताला वाटलं फोन तुटला, ती हॅलो हॅलो करायला लागली.

वहिनींनी विचारलं, "मग त्या बांधाच्या आत यायचं तर कुणाला विचारायचं?"

"मला विचारायचं, आई."